मदत हवी आहे: आईचं हिमोग्लोबिन ७.४, बाळाचं वजन वाढत नाही (नाशिक)

नमस्कार मंडळी. नाशिकमधलं कुणी असेल किंवा आशा, अंगणवाडी, दवाखान्यात काम केलेलं कुणी असेल तर कृपया वाचा.

आम्ही पेठ रोडला राहतो. शेजारच्या खोलीत सुरगाण्याकडचं कुटुंब दिवाळीनंतर भाड्याने आलंय. नवरा-बायको दोघंही दिंडोरीकडे द्राक्षबागेत रोजाने जातात. सकाळी सातला पिकअप, परत यायला दिवस मावळतो. पावणेदोन वर्षांचा मुलगा आजीजवळ असतो. वजन ८.८ किलो, तीन महिने तिथेच अडकलंय.

अंगणवाडीताई मनापासून करतात. वजन घेतात, पाकिटं देतात. मीही अंडं, केळं देत होते. मग एकदा बाळाची आई पाण्याचा हंडा उचलताना भिंत धरून खालीच बसली. तिची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. एक खाडा पाडून तपासायला नेलं. हिमोग्लोबिन ७.४, हवं १२. आम्ही सगळे बाळाच्या ताटात बघत होतो, आईकडे कुणीच बघितलं नाही, हे मला फार लागलंय.

डॉक्टर म्हणाले, बाळाच्या अंगातला लोहाचा साठा मुख्यतः पोटात असताना शेवटच्या तीन महिन्यांत भरतो. आईलाच कमी असेल तर त्याला कुठून मिळणार? दुधातून लोह फार जात नाही, म्हणून सहा महिन्यांनंतर वरच्या खाण्यातूनच मिळावं लागतं. आणि भरवायला आईच्या अंगात त्राण हवं ना! मी रोज बघते, भाताचे चार घास, पोराने तोंड फिरवलं की ताट बाजूला. रागावतही नाही ती. नुसती बसून राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला होता, तेव्हा ही काही एकटी नाही.

गोळ्या मिळाल्यात. चार खाल्ल्या, बाकीची पट्टी देवाच्या फोटोमागे. शौचाला काळं झालं म्हणून घाबरली होती. त्याने काही होत नाही हे मी समजावलं. पण "ताई, गोळी घेतली की बागेत उलटी येते, मुकादम ओरडतो," यावर काय बोलणार?

रात्री जेवणानंतर घेतली तर चालेल ना? सकाळी कोरा चहा-भाकरी हाच नाश्ता, आणि चहाने लोह अंगी लागत नाही. तो कसा सोडवायचा? शिरेतून लोह देतात ते सरकारी दवाखान्यात मिळतं का, खेपा किती? दर खेपेला खाडा पडतो. पैसे मी देईन, पण नवऱ्याला उपकार वाटतील अशी भीती वाटते. तिच्या गप्प बसण्याचीही काळजी आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर माझ्या फोनवरून लावून देऊ का?

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. सासूला विश्वासात घ्या, असं तिघींनी लिहिलंत. काल बसून बोलले. गोळ्या उष्ण पडतात हेच त्या आधी म्हणत होत्या. मग बराच वेळाने हळूच म्हणाल्या, "मलाही उठताना अंधारी येते गं, माझंही बघ." तर सोमवारी आई, आजी आणि बाळ तिघांना नेतेय. किती वाजता गेलं तर नंबर लवकर लागतो?