मदत हवी आहे: परातीतले प्लास्टिकचे तुकडे मधे का जमत नाहीत?

कोथरूडची_आई: परवा लेकीचं विज्ञान प्रदर्शन आहे. विषय समुद्रातलं सूक्ष्मप्लास्टिक आणि प्रवाह. परातीत पाणी घेतलं, तुकडे टाकले, डावाने गोल ढवळलं. कचरा मधे जमायला हवा ना? आमचा कडेला चिकटतो. दोन दिवस हेच चाललंय. लवकर सांगा.

नदीकाठ: तुकडे कशाचे? केवढे? 5 मिलिमीटरच्या आतले असतील तरच सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात.

कोथरूडची_आई: कशाचे म्हणजे? बाटलीचे. साबुदाण्याएवढे कापलेत.

पेठकर: प्रदर्शनं कसली मांडताय, आधी घरातल्या बाटल्या बंद करा. आमच्याकडे कायम तांब्याचा लोटा.

भौतिकवाला: काका, त्यांनी ते विचारलेलं नाही. ताई, बाटलीचे की झाकणाचे? पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक बुडतं, झाकणाचं तरंगतं.

कोथरूडची_आई: दोन्ही आहेत. हो, सांगायचं राहिलं, काही तळाशी गेलेत आणि ते बरोबर मधोमध ढीग करून बसलेत!

चहाबाज: मग झालं की काम! तोच ढीग दाखवा. चहा ढवळला की पूड मधे जमते, तसंच.

भौतिकवाला: नका दाखवू, चुकीचं ठरेल. परातीत तळाच्या घर्षणाने पाणी तळाशी मधे ओढलं जातं, वर चढतं आणि वरून कडेला जातं. म्हणून बुडालेले मधे, तरंगणारे कडेला. समुद्रात मात्र तरंगणारा कचरा मधे जमतो, तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे. उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी एकूणात वाऱ्याच्या उजवीकडे वळतं. उत्तर पॅसिफिकमध्ये दक्षिणेला व्यापारी वारे पश्चिमेकडे वाहतात, उत्तरेला पश्चिमी वारे पूर्वेकडे. दोघांचीही उजवी बाजू मधेच येते, तिथे पाणी गोळा होऊन खाली जातं. तरंगणारं प्लास्टिक वरच अडकतं.

चहाबाज: म्हणजे ते कचऱ्याचं बेट. त्यावर चालता येतं म्हणे.

भौतिकवाला: बेट नाही हो, विरळ पसरलेलं आहे. 2018 च्या अभ्यासात विस्तार 16 लाख चौरस किलोमीटर आणि वजन सुमारे 79 हजार टन निघालं. तुकड्यांच्या संख्येत 94 टक्के सूक्ष्म, वजनात मात्र फक्त 8 टक्के. जवळपास निम्मं वजन मासेमारीच्या जाळ्यांचं.

पेठकर: पॅसिफिकचं कशाला? आपल्या मुठेचा कचरा अरबी समुद्रात जातो ते सांगा.

नदीकाठ: काका, मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनी ओलांडून कृष्णेला. म्हणजे बंगालचा उपसागर! तिथले प्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा बदलतात, त्यामुळे कचरा एका जागी टिकून राहत नाही. फलकावर हा नकाशा जरूर लावा.

बाणेरचा_बाबा: आणि खेळण्यांची गोष्ट! जानेवारी 1992 मध्ये पॅसिफिकमध्ये जहाजावरून कंटेनर पडला, त्यात न्हाणीतली 28,800 खेळणी होती. नोव्हेंबरात पहिली अलास्कात सिटकाला लागली. मुलांना फार आवडतं.

कोथरूडची_आई: सगळ्यांचे आभार, पण परात कशी चालवायची?

भौतिकवाला: परात केकच्या फिरत्या स्टँडवर ठेवून घड्याळाच्या उलट दिशेने संथ फिरवायची. सोबत फिरतील असे दोन छोटे पंखे कडेला बांधायचे, त्यांचा वारा घड्याळाच्या दिशेने. हाताने एकसारखं फिरवणं अवघड आहे, परवापर्यंत जमेलसं वाटत नाही.

कोथरूडची_आई: लेक म्हणते, परात आहे तशीच ठेवू आणि समुद्रात असं का होत नाही ते बाणांनी दाखवू. चालेल?

भौतिकवाला: उत्तम! झाकणाचे तुकडे लाल घ्या, बाटलीचे निळे. लांबूनही कळेल.

नदीकाठ: झाल्यावर पाणी मोरीत ओतू नका, मलमलीतून गाळा.

कोथरूडची_आई: आत्ताच गाळलं. कडेला पाचसहा तुकडे अजून चिकटलेत, ते नखाने काढतेय.