शस्त्रक्रियेनंतरचा भ्रम : थोडी भर

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजोबा रात्री घरच्यांना ओळखेनासे झाले आणि ‘वय झाले, भूल उतरली की बरे होतील’ एवढेच उत्तर मिळाले, असे आपण लिहिले आहे. अशा भ्रमाचा, म्हणजे अचानक येणाऱ्या मानसिक गोंधळाचा, सगळा दोष भुलीवर टाकणे मला पटत नाही. वेदना, शरीरातले कमी झालेले पाणी, जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, मोडलेली झोप आणि काही औषधे अशी अनेक कारणे एकत्र येतात, व त्यांतली बरीच टाळता येतात. येल विद्यापीठाच्या १९९९ मधील अभ्यासात, चष्मा, श्रवणयंत्र, पाणी, झोप आणि हालचाल यांकडे नेमाने लक्ष दिलेल्या सत्तरीपुढच्या रुग्णांत भ्रमाचे प्रमाण ९.९ टक्के, तर इतरांत १५ टक्के आढळले. ते रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते, तरी हीच तत्त्वे येथेही वापरली जातात.

आपल्याकडे खेड्यातून वर्ध्याला किंवा नागपूरला नेताना चष्मा आणि कवळी ‘हरवेल’ म्हणून घरीच ठेवतात. तसे करू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दारू, खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) आणि रोजची झोपेची गोळी यांविषयी भूलतज्ज्ञांना आधीच स्पष्ट सांगावे, कारण दारू किंवा गोळी अचानक तुटल्यानेही भ्रम होतो. वर्धा-गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांत नातेवाईक नेमके हेच लपवतात. रात्री ओळखीचे एकच माणूस जवळ असावे, आणि रुग्ण बडबडला म्हणून झोपेच्या औषधाचा आग्रह धरू नये. अचानक गप्प, सुस्त झालेला रुग्णही भ्रमातच असू शकतो. त्या वेळीही परिचारिकेला लगेच कळवावे.