झुकिनीचं काय करू? (चार रोपं, दोन मुलं आणि आईंचा चातुर्मास)

झुकिनीग्रस्त:
मंडळी वाचवा! आम्ही कोलंबस, ओहायोला असतो. मे महिन्यात हौसेने मागच्या अंगणात झुकिनीची चार रोपं लावली, नर्सरीवाला म्हणत होता की पाच जणांच्या घराला दोन रग्गड होतात पण आपल्याला कुठे ऐकायचं असतं. आता रोज दोन-तीन निघतायत आणि एक दिवस पानाखाली बघायचं राहिलं की दुसऱ्या दिवशी तिथे खलबत्त्यातला बत्ता झोपलेला असतो. शेजारणीला दिल्या तर तिने उलट स्वतःच्या काकड्यांची पिशवी आमच्या दारात आणून ठेवली. ऑफिसच्या किचनमध्ये ठेवायला गेले तर तिथे आधीच कुणाच्या तरी ठेवलेल्या. इथे ८ ऑगस्टला शेजाऱ्याच्या दारात गुपचूप झुकिनी ठेवून पळायचा एक गमतीचा दिवस पाळतात, आधी मला तो जोक वाटायचा.

पास्ता झाला, झुकिनी ब्रेड तीन वेळा झाला, मुलं (७ आणि ११) आता ब्रेड बघितला की तोंड फिरवतात. मग दुधीसारखी भाजी केली, कुकरला दोन शिट्ट्या, आणि उघडलं तर हिरवी पेज. धाकटा म्हणे आई हे सूप आहे का. त्यात सासूबाई आल्यात ऑक्टोबरपर्यंत, त्यांचा चातुर्मास, म्हणजे कांदा लसूण वांगं बंद. मी सहाला घरी येते आणि सातला सगळ्यांना एकच जेवण पायजे, मुलांचं वेगळं आईंचं वेगळं असं करायला माझ्यात त्राण नाही. घरात फरसबी, ढोबळी मिरची, टोमॅटो आणि इथला गोड मका पण भरपूर आहे. सोपं काहीतरी सांगा. आणि हो, कंपोस्टच्या ढिगातून एक पाचवं रोप आपोआप आलंय, त्यालाही लागायला लागल्यात. नशीब बघा.

तवा_आणि_मी:
अगं कुकर!! तिथेच घात झाला. झुकिनी म्हणजे शंभरातले ९४-९५ भाग पाणी, तिला कुकरमध्ये घालणं म्हणजे काकडीला शिट्टी देण्यासारखं आहे. दुधी समजूच नकोस, कोवळं दोडकं समज.

आमच्याकडे न्यूजर्सीत उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा पीठ पेरून होते. मोठी लोखंडी कढई चांगली तापू दे, दोन पळ्या तेल (कमी नको, बेसन तेल पितं), मोहरी हिंग हळद, मग अर्ध्या इंचाच्या फोडी आणि तेवढीच ढोबळी मिरची. आच मोठी. झाकण अजिबात ठेवायचं नाही आणि मीठही आत्ता घालायचं नाही, मीठ पडलं की ती रडायला लागते. पाच-सहा मिनिटांत फोडींच्या कडा जरा तांबूस झाल्या की तिखट, धनेजिरे पूड, चिमूटभर साखर, मीठ आणि चार-पाच चमचे कोरडं भाजलेलं बेसन वरून भुरभुरव, आता मात्र दोन मिनिटं झाकण. सुटलेलं पाणी बेसन ओढून घेतं आणि भाजी कशी मोकळी होते. कांदा लसूण लागतच नाही त्यामुळे सासूबाईंचा प्रश्न मिटला. पोळीत रोल करून दिली तर मुलं पण खातात, माझी तरी खातात बाबा. सालं काढू नकोस, सालामुळेच फोड उभी राहते.

शनिवारपेठी:
वरच्या ताईंचं बरोबर आहे पण मी म्हणते पाण्याशी भांडायचं कशाला, वापरावं ना. थालीपीठ करा. मी मुलीकडे बॉस्टनला गेले होते तेव्हा महिनाभर हाच उद्योग केला. झुकिनी किसायची, पिळायची नाही, त्यात मीठ, तिखट, ओवा, तीळ, कोथिंबीर घालून दहा मिनिटं ठेवायचं. परत येऊन बघा, किसाखाली वाटीभर पाणी जमलेलं असतं. आता त्यात मावेल तेवढी भाजणी. वरून पाण्याचा एक थेंब नाही!

माझी पहिल्या दिवशी काय फजिती झाली सांगते. पीठ छान घट्ट मळलं आणि तेवढ्यात पुण्याहून बहिणीचा फोन आला, बोलण्यात अर्धा तास गेला, येऊन बघते तर परातीत थालीपिठाचं धिरडं झालेलं, थापायला जावं तर बोटांना नुसता चिकटा. जावई म्हणाले पॅनकेक आहेत का, मी म्हटलं हो पॅनकेकच आहेत. तेव्हापासून किसाच्या दोन वाटण्या करते आणि दोन-दोन थालीपिठांपुरतंच मळते, पहिली तव्यावर गेली की पुढचं. भाजणी संपली असेल तर ज्वारीचं पीठ, थोडी कणीक आणि बेसन चालतं. मुलांना वर चीज किसून द्या, आपण लोणी दही घ्यावं.

बाकी तुमच्या सासूबाईंना विचारा, उपासाला काकडी चालते, लाल भोपळा चालतो, मग हिने काय घोडं मारलंय. आमच्या भिशीत यावर दोन गट पडलेत आणि अजून निकाल लागलेला नाही. आमच्याकडे उपासाच्या भाजणीत घालतो, दाण्याचं कूट आणि दही घालून कच्चीची कोशिंबीर पण होते, फक्त अगदी कोवळी घ्यायची.

ऱ्हाईनकाठी:
बॉनहून लिहितोय. आम्ही दोघंही नोकरीवाले, इकडे 'त्सुकिनी' म्हणतात आणि उन्हाळ्यात इथेही हीच परिस्थिती. माझे दोनच प्रकार ठरलेले आहेत, म्हणजे मला दोनच येतात.

एक, मूगडाळ घालून. घरी आल्या आल्या कपडे बदलायच्या आधी वाटीभर डाळ भिजत घालायची. वीस मिनिटांनी जिरं हिंग हिरवी मिरची आलं अशी फोडणी, डाळ, जेमतेम बुडेल एवढं पाणी आणि झाकण. दाणा बोटात दाबला तर मोडतो पण आत बारीक कणी लागते, तिथे झाकण काढायचं आणि झुकिनी घालायची, तिच्याच पाण्यात डाळ पुढची शिजते. शेवटी मीठ, ओलं खोबरं, लिंबू. आधीच दोन्ही एकत्र टाकलं की तुमची ती पेज परत येते.

दोन, ओव्हनचा ट्रे. फरसबी, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, तेल आणि गोडा मसाला (हसू नका, करून बघा) चोळून २२० सेल्सियसला, तुमच्याकडे ४२५ फॅरेनहाइट, दहा मिनिटं, मग झुकिनीचे जाडसर काप आणि टोमॅटो टाकून अजून पंधरा. ट्रेमध्ये गर्दी करायची नाही, एकावर एक आल्या की भाजत नाहीत, उकडतात. तोपर्यंत कुकरला वरणभात होतो. ओव्हन चालू असताना मी चक्क बसतो. आमची पाच वर्षांची मुलगी मक्याचे दाणे वेचून खाते आणि हिरवं बाबांच्या ताटात सरकवते, तेवढं चालायचंच.

परसबागवाली:
थांबा थांबा, सगळे रेसिपी सांगताय पण ते कंपोस्टमधलं पाचवं रोप कुणीच कसं नाही वाचलं?? झुकिनीग्रस्त, त्या ढिगात गेल्या वर्षी काय टाकलं होतं? शोभेचे छोटे भोपळे होते का?

झुकिनीग्रस्त:
हो, हॅलोवीनचे ते रंगीबेरंगी गाठीगाठींचे होते आणि आमच्याच झुकिनीचे पिकून गेलेले बत्ते पण. का गं?

परसबागवाली:
मग त्या रोपाचं काही शिजवू नकोस. झुकिनी आणि ते शोभेचे भोपळे एकाच जातकुळीतले, मधमाश्या इकडचं परागकण तिकडे नेतात. त्याच वर्षीच्या फळाला त्याने काही होत नाही पण त्यातलं बी पुढच्या वर्षी रुजलं की काय निघेल सांगता येत नाही, आणि कधीकधी कडू निघतं. तो कडूपणा म्हणजे कुकुरबिटासिन, शिजवून जात नाही, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब सगळं होतं. आपल्याकडे कडू दुध्याचा रस पिऊन लोक दवाखान्यात गेल्याच्या बातम्या येतात ना, तेच हे. आपल्या आया काकडीचं टोक कापून चाखतात तशी सवय ठेव, विकतच्या बियाणाची असली तरी चिरताना एक कच्चा तुकडा जिभेला लावायचा, कडू लागला की थुंकायचा आणि अख्खी फेकायची. मसाला घालून खपवायचं नाही.

आणि पीक कमी करायचं असेल तर फुलं खा. बारीक लांब दांड्याचं ते नर फूल, मादी फुलामागे चिमुकली झुकिनी असते. सकाळी उमललेली नर फुलं तोडायची, आत मुंगी-माशी बघायची, मधला दांडा काढायचा आणि बेसनात बुडवून भजी, भोपळ्याच्या फुलांची करतो तशीच. दोन-चार नर ठेव वेलावर. मादी तोडलीस तर तेवढी झुकिनी कमी, तुझ्या केसमध्ये वाईट नाही!

तवा_आणि_मी:
बापरे हे कडूचं मला माहीतच नव्हतं. आणि ते बत्ते टाकू नकोस गं, उभे चिरून मधला बियांचा भुसभुशीत भाग चमच्याने खरवडून काढ, बाकीचं किसून, पिळून, दोन-दोन वाट्यांच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये. थंडीत कोथिंबीरवडीसारख्या उकडून वड्या करता येतात, पिळलेलं पाणी आमटीत घाल.

झुकिनीग्रस्त:
रिपोर्ट देते. पाचव्या रोपाची एक कापून जिभेला लावली, आई गं!! कारल्याच्या वर. तीनदा चूळ भरली तरी घशात होतं. नवऱ्याने लगेच रोप उपटलं. बाकी चारही रोपांच्या चाखल्या, गोड आहेत.

काल पीठ पेरून केली, मीठ शेवटी, झाकण शेवटी. सुटी झाली! आईंनी दोनदा वाढून घेतली आणि म्हणाल्या दोडक्यापेक्षा बरी आहे, शिरा काढत बसायला नको. मग जरा थांबून म्हणाल्या, पण शिरांची चटणी नाही मिळणार. धाकट्याने फक्त ढोबळी मिरची खाल्ली, जी तो एरवी खात नाही, त्यामुळे मी काही बोलले नाही. आज थालीपिठं आहेत, फोन सायलेंटवर टाकलाय. उपासाचं आईंना विचारलं तर म्हणाल्या एकादशीला बघू, म्हणजे त्यांच्या बहिणीला फोन करून ठरवणार.

शनिवारपेठी:
बहीण काय म्हणाली ते इथे लिहा हं नक्की, आमच्या भिशीत दाखवायचंय.