कोकणात सहा दिवस, सोबत सात जण. ऑटिस्टिक माणसानं हे कसं निभवावं?

त्रिमूर्तीनगरचा

नमस्कार. वय २९, नागपूर, हिशेबाचं काम, घरूनच. ऑटिझमचं निदान दोन वर्षांपूर्वी झालं. त्याआधी ‘घुम्या’ हे निदान घरच्यांनी केलेलंच होतं.

डिसेंबरात रत्नागिरीकडे जायचं ठरून राहिलं आहे. आई, ताई, जिजाजी, त्यांची दोन पोरं, जिजाजींचे आई-बाबा अन् मी. सहा दिवस. मला जायचं आहे, म्हणून ‘झेपत नसेल तर घरीच राहा’ हे उत्तर कृपया नको. समुद्र मी आजवर एकदाच बघितला आहे आणि भरती-ओहोटीच्या वेळा वहीत उतरवणं आत्ताच सुरू केलंय.

भीती कशाची ते सांगतो. मागच्या वर्षी चार दिवसांची एक ट्रिप झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या नाश्त्याच्या हॉलमध्ये गेलो. स्टीलच्या झाकणांचा खणखणाट, टोस्टर, भिंतीवर टीव्ही, मागून कुणीतरी ‘जरा सरका ना’ म्हणत ताट पुढे घालतंय. मी प्लेट ठेवली आणि जिन्याखाली जाऊन बसलो. ५० मिनिटं. ताई शोधत आली तेव्हा तोंडातून शब्द निघेना. जिजाजींना वाटलं, मला दिलेली खोली आवडली नाही म्हणून रुसलोय. परतीच्या प्रवासात गाडीत कुणी बोललं नाही, आणि ती शांतता मला खरं तर बरी वाटली, हे सांगायची सोय नव्हती.

ट्रेन बरी की विमान? हॉटेलला आधी सांगावं का? आणि जिजाजींना भाषण न देता कसं समजवावं?

दुपारची_झोप

मी ४३, नागपूरचीच, निदान ३८ व्या वर्षी. तुझ्याहून १४ वर्षांनी मोठी आहे म्हणून ‘तू’ म्हणते, चालत नसेल तर सांग. आणि ऑटिस्टिकला मराठीत म्हणतात तसं मला ‘स्वमग्न’ म्हणू नका कोणी, मी स्वतःत मग्न नसते, मला बाहेरचंच फार ऐकू येतं.

आधी गाडी. मी ट्रेनवाली आहे, कारण ट्रेनमध्ये आपली जागा ठरलेली असते आणि उठून फिरता येतं. नागपूर-मुंबई रात्रीच्या गाडीने जा. सेकंड एसीचा साइड अपर घे. पडदा असतो, वर कोणी येऊन बसत नाही, आणि दिवसासुद्धा ‘जरा झोपतो’ म्हटलं की विषय संपतो. साइड लोअर मात्र चुकूनही घेऊ नकोस. दिवसा साइड अपरवाला हक्काने तिथे येऊन बसतो, त्याचे पाय, त्याचे शेंगदाणे, त्याचा फोन. थर्ड एसीला पडदेच नाहीत, शिवाय मधला बर्थ रात्री १० च्या आधी टाकता येत नाही, तोवर सगळे एका बाकड्यावर. दुरांतो मिळाली तर उत्तम, थांबे थोडे म्हणून फेरीवालेही थोडे. तिकीट काढतानाच जेवण नको असं निवडता येतं, ते निवड. डब्यात सगळीकडे एकाच वेळी फॉइल उघडतात तो वास मला नाही सोसत. मी तिखट-मिठाच्या पुऱ्या नेते, तीन वेळच्या.

प्रवासाच्या तीन-चार दिवस आधी १० रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून नागपूर स्टेशनवर एक चक्कर मार, गाडीच्या वेळेलाच. स्टेशनचं काम चालू असल्याने ओळखीची वाट बंद झालेली असू शकते आणि ते ऐनवेळी, आठ माणसं अन् बॅगा घेऊन कळायला नको. मी उभी राहून नुसतं बघते. उद्घोषणा कुठल्या स्पीकरमधून फुटते, तो कुठे आहे, त्याच्यापासून लांबचा बाक कोणता. लोकांना वेडेपणा वाटतो. माझी नंतरची निम्मी धडधड तिथेच संपते.

एक गोष्ट मात्र जपून. मुंबईला उतरलं की लगेच कोकणची गाडी, असं जिजाजींनी बसवलं असेल तर मधले तास मोज. दोन तास असले तर ते प्लॅटफॉर्मवरच जातील, आणि ते सगळ्यात वाईट. चार-पाच तास असतील तर स्टेशनातली भाड्याची खोली, रिटायरिंग रूम, घ्या, पक्क्या तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन मिळते. दार बंद, दिवा बंद, आंघोळ. बाकीचे खुशाल बाहेर वडापाव खाऊ देत.

विमानच ठरलं तर दोन गोष्टी. मदत हवी असेल तर कंपनीला ४८ तास आधी कळवायचं, फोनवर ‘डीपीएनए’ असा कोड सांगायचा. बौद्धिक किंवा विकासात्मक अडचण असलेल्या प्रवाशासाठी तो आहे. फोनवरच्या मुलीला माहीत नसेल तर ‘वरिष्ठांना विचारा’ म्हणायचं, रागवायचं नाही. दुसरं, अंगझडती. पाठीवरून हात फिरला की माझा घसा बंद होतो. ‘स्पर्शाचा त्रास आहे, आधी सांगून मग हात लावा’ हे एक वाक्य मी रांगेतच तोंडाशी तयार ठेवते. पडद्याआड तपासा असंही म्हणता येतं. सोनेगावला मेट्रोने जाणार असशील तर एअरपोर्ट स्टेशन म्हणजे टर्मिनल नव्हे, पुढे रिक्षा लागते. परदेशातल्या विमानतळांवर सूर्यफुलांची हिरवी दोरी गळ्यात घालतात, न दिसणारी अडचण असलेल्यांसाठी. लंडनजवळच्या गॅटविकला २०१६ मध्ये सुरू झाली, आपल्याकडे बंगळुरूने घेतली आहे.

आता हॉटेल, कारण तुझी खरी फजिती तिथे झाली. ‘मी ऑटिस्टिक आहे’ असं सांगून त्यांना काही कळत नाही, ते घाबरतात किंवा खालच्या मजल्यावर व्हीलचेअरची खोली देतात. त्याऐवजी काय हवं तेच विचारायचं. लिफ्ट आणि जनरेटरपासून लांबची खोली मिळेल का. त्या तारखांना तुमच्याकडे लग्न आहे का. (डिसेंबर आहे बाबा, हे पहिलं विचार. एकदा माझ्या खिडकीखाली रात्री ११ पर्यंत बॅन्जो होता.) आम्ही यायच्या आधी खोलीत सुगंधी फवारा मारू नका. नाश्ता उघडायच्या वेळेलाच आलो तर चालेल का, किंवा खोलीत द्याल का. हॉल उघडतो त्या पहिल्या वीस मिनिटांत झाकणं कोणी आपटत नाही, पोहेही गरम असतात.

आणि दिवा! मी बॅगेत एक पिवळा एलईडी बल्ब ठेवते, ९ वॅटचा, मोज्यात गुंडाळून. हॉटेलची पांढरी ट्यूब थरथरते, इतरांना दिसत नाही, मला दिसते. खोलीत गेलं की ट्यूब बंद, पलंगाजवळच्या होल्डरमध्ये आपला बल्ब. पाच मिनिटांत खोली घरासारखी. निघताना काढून घ्यायचा विसरू नकोस, माझे तीन बल्ब महाराष्ट्रभर पसरलेले आहेत.

जिजाजी. भाषण नकोच, भाषणात आपण हरतो. तुझ्या ताईला धर आणि एक अक्षर ठरवा. माझ्या भाचीला मी फोनवर नुसतं ‘प’ पाठवते. ‘प’ म्हणजे परत. ती उठते आणि सगळ्यांना म्हणते, मावशीसोबत जरा जाऊन येते. कारण विचारायचं नाही, हा करार. शब्द गेले तरी अंगठा चालतो. शिवाय पाकिटात एक कार्ड, मराठीत एका बाजूला, हिंदीत दुसऱ्या. माझं असं आहे: ‘मी ऑटिस्टिक आहे. आत्ता मला बोलता येत नाही, ऐकू येतं. हात लावू नका. वीस मिनिटं शांत बसले की ठीक होईन. भाचीचा नंबर खाली आहे.’ जिजाजींना एवढं कार्ड वाचायला दे. मागच्या वर्षीचं रुसणं त्यांना आपोआप कळेल, आणि नाही कळलं तरी कार्ड वाचलेलं राहतं.

शेवटचं, आणि यावर अडून बस. सहातली एक दुपार पूर्ण रिकामी ठेव. कोणी ‘तिकडे एक देऊळ आहे, पाचच मिनिटं’ म्हटलं तरी नाही. आणि परतल्यावर दुसऱ्या दिवशी काम नको, रजा आत्ताच टाक.

फिरस्ता_विदर्भ

एवढं मोजून मापून फिरायचं तर फिरायचं कशाला? आम्ही जनरल डब्यात उभं राहून गेलोय. सवयीचा प्रश्न आहे, पोरांना थोडं सोडून द्या, आपोआप जमतं.

दुपारची_झोप

भाऊ, ३८ वर्षं मी ‘सवय’ हेच औषध घेतलं. सवय झाली ती फक्त बाथरूममध्ये जाऊन रडायची. नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्रीत डोक्याला दुपट्टा बांधून निघतो तेव्हा तुम्हाला कोणी म्हणतं का, उन्हाची सवय करा?

आई_२४

वरच्या ताईंनी सगळं सांगितलंच आहे. माझा मुलगा २४ वर्षांचा, बोलत नाही, बौद्धिक अक्षमताही आहे. आमचा अनुभव वेगळा म्हणून दोन ओळी.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात ज्या २१ प्रकारांची यादी आहे त्यात ऑटिझम आहे, तेव्हा प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा. तपासणीत ४० प्रश्नांची एक भारतीय मोजपट्टी वापरतात. प्रश्न ऐकताना लाज वाटते, वाटू देऊ नका. रेल्वेची सवलत आम्हाला मिळते, स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के, त्याला आणि सोबतच्या एकाला, पण ती बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि एकट्याने प्रवास न करू शकणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही घरून हिशेब बघता, तुम्हाला ती लागू होईल असं धरून बजेट करू नका.

तक्रार किंवा मदत, गाडीत १३९. आणि रोजच्या गोळ्या असतील तर चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही.

एक आगाऊ सल्ला देऊ? कोकणाआधी एक रात्र जवळ कुठेतरी जाऊन बघा, जिथून मनात आलं की दोन तासांत घरी येता येईल. आम्ही पेंचला सिल्लारीकडे गेलो होतो. देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क आहे ते, २०२४ पासून. रात्री दिवे कमी, आवाज कमी. माझा मुलगा खुर्चीत मागे रेलून दीड तास वर बघत बसला. एरवी दीड मिनिट बसत नाही. सफारीला मात्र नेलं नाही, जिप्सीतून मध्येच उतरता येत नाही.

त्रिमूर्तीनगरचा

उशिरा लिहितोय, माफ करा. ‘तू’ चालतं ताई, उलट बरं वाटलं.

आई_२४ यांचं ऐकून गेल्या शनिवारी एक रात्र सिल्लारीकडे काढली. ताई, जिजाजी, पोरं अन् मी, त्यांच्याच गाडीने. जाताना ढाब्यावर थांबलो. बाजूच्या टेबलावर वाढदिवस, स्पीकर, फुगे. पाचव्या मिनिटाला ‘प’ पाठवला. ताई दहीभात अर्धा टाकून उठली, काही न बोलता. गाडीत बसलो तर मागून जिजाजी आले, काच खाली करायला लावली आणि माझं पार्सल आत दिलं. वर म्हणाले, ‘कांदा काढायला सांगितलाय.’ कांद्याचं मी त्यांना कधीच बोललेलो नव्हतो. ताईने सांगितलं असेल.

कार्ड त्यांनी आदल्या रात्री वाचलं होतं. वाचून त्यांनी एवढंच विचारलं, ‘वीस मिनिटंच ना?’ मी म्हटलं, कधी पन्नास. ते म्हणाले, मग कार्डावर पन्नास लिही ना बे. लिहिलं.

रात्री आकाश बघितलं. थंडी होती, पोरांची तोंडं बंद होती, हा चमत्कार वेगळा.

रिकामी दुपार मंजूर झाली आहे, चौथ्या दिवसाची. मी ती दुपार सकाळमध्ये बदलून मागितली. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्या हिशेबाने चौथ्या दिवशी सूर्य उगवताना ओहोटी येते आणि किनारा रिकामा मिळेल. ट्रेनच ठरली. साइड अपर मिळाला, पण जिजाजींच्या बाबांना खालचा नाही मिळाला, त्यामुळे घरात वेगळंच महाभारत चालू आहे.

फसलं ते एकच. बल्ब नेला, पण खोलीतला होल्डर आट्यांचा निघाला आणि माझा बल्ब पिनांचा. दुपारची_झोप ताई, तुम्ही हे हॉटेलला आधी कसं विचारता?

दुपारची_झोप

विचारत नाही, कोणाला समजत नाही. आट्यांचं अडॅप्टर स्वस्तात मिळतं, सीताबर्डीला इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात. दोन घे, एक हॉटेलात राहून जाईल.