बारा लक्षणं कशाला, उसाच्या फडावर या की

तळटीप
‘मानवी तस्करी ओळखण्याची १२ लक्षणं’ ही पोस्ट दोन दिवस सगळीकडे फिरतेय. नजर चुकवणारी मुलगी, तिच्या वतीनं बोलणारा पुरुष, जवळ ओळखपत्र नाही, मानेवर गोंदण, सामान थोडं. वर मागणी अशी की राज्य सरकारनं ही यादी प्रत्येक एसटी स्टँडवर लावावी, कंडक्टरांना प्रशिक्षण द्यावं आणि देहविक्रयाच्या ‘त्या’ वस्त्या एका फटक्यात रिकाम्या कराव्यात.

नजर चुकवणारी मुलगी आणि तिच्या वतीनं बोलणारा पुरुष, यात आपल्याकडची निम्मी नवी लग्नं बसतात. गोंदण माझ्या आजीच्या हातभर होतं. ही यादी परदेशातल्या हॉटेलवाल्यांसाठी केलेली दिसते, इथे नुसती भाषा बदललीय.

नुसतं हास्यास्पद असतं तर सोडून दिलं असतं. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यात राईनपाड्याला डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज आधी कित्येक दिवस फिरत होते. अनोळखी माणसाकडे संशयानं बघायला शिकवलं की जीव कुणाचा जातो ते तेव्हाच कळलं.

आता उलटं बघा. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढ्या राखायला नगर जिल्ह्यात दिलेली निघाली. बदल्यात काही रुपये आणि कुठे एखादी मेंढी. बारापैकी एकही लक्षण नाही. नेणारा ओळखीचा, आईबापांचा होकार. एक मुलगी मेली तेव्हा राज्याला जाग आली. वीटभट्टी, ऊसतोड, मेंढ्या, सगळीकडे हाच प्रकार: उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायची आणि माणूस अडकवायचा. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं जिल्हा आणि उपविभागाला दक्षता समित्या सांगितल्यात. तुमच्या भागातल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, कुणी सांगेल का? सोडवलेल्या मजुराला मुक्ततेचं प्रमाणपत्र द्यायचं म्हणजे ‘माझ्या जिल्ह्यात वेठबिगारी आहे’ हे कलेक्टरनं सहीनिशी कबूल करायचं. मग कोण देतो!

मुक्ता_पुणे
ती पोस्ट माझी आहे. नाव घ्यायचं धाडस केलं असतंत तर बरं झालं असतं.

मी बरीच वर्षं निवारागृहात काम केलंय. बंगालमधून ‘ब्युटी पार्लरमध्ये नोकरी’ म्हणून आणलेली एक सोळा वर्षांची पोर आमच्याकडे आली ती स्टेशनवरच्या चहावाल्यामुळे. ती रडत होती आणि सोबतचा माणूस तिला फोन करू देत नव्हता, एवढंच त्यानं पाहिलं आणि रेल्वे पोलिसांना हाक मारली. त्यानं तुमचा १९७६ चा कायदा वाचलेला नव्हता. दिवसाला सरासरी ७० मुली बेपत्ता होतात हे २०२३ मध्ये राज्य महिला आयोगानंच सांगितलं. तुम्ही समितीच्या बैठकांची इतिवृत्तं चाळत बसा.

काळा_कोट
मुक्ताताई, चहावाल्याला सलाम. पण आकडा फेकताना त्याची घडण सांगा. १० मे २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून अठराच्या आतलं मूल हरवलं की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवावा लागतो. आदेश योग्यच आहे. पण त्यात रुसून मावशीकडे गेलेली आणि प्रियकराबरोबर पळालेलीही येते. बऱ्याच परत येतात, ती बातमी कुठे छापत नाहीत.

आणि लक्षणं पाहून काय होतं त्याचा नमुना आपल्याच राज्यात आहे. मे २०२३, दानापूर–पुणे गाडी. बिहारहून सांगलीच्या मदरशात शिकायला निघालेली ५९ मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवली. पाच जण तस्कर म्हणून आत. मुलं काही दिवस निरीक्षणगृहात, आईबाप हवालदिल. पुढल्या वर्षी पोलिसांनीच गैरसमज झाला म्हणून प्रकरण बंद केलं. थोडं सामान, अनोळखी माणूस, खूप मुलं. सगळी लक्षणं जुळली होती.

मुक्ता_पुणे
म्हणजे पोलिसांनी गाडी जाऊ द्यायची? ५९ मुलांची चौकशी करणं हा गुन्हा झाला वाटतं. खरंच तस्करी असती तर याच धाग्यावर तुम्ही ‘पोलीस झोपले होते का’ लिहिलं असतंत.

काळा_कोट
चौकशी करा. आधी कागद बघा, पालकांना फोन लावा. अटक हा चौकशीचा पहिला टप्पा नसतो, एवढंच म्हणतोय.

वाळवा_एक्सप्रेस
बाकीचं चालू द्या, पण तळटीप साहेबांनी ऊसतोड मध्येच घुसडली त्याचा जाब पाहिजे. आम्ही वाहतूकदार तस्कर काय? माझ्याकडे एक ट्रॅक्टर, दोन ट्रेलर, बँकेचं कर्ज. दोन वर्षांमागं मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाला दहा कोयत्यांची उचल दिली, नोटरी केली, कोरे चेक घेतले. दसरा झाला, दिवाळी झाली, टोळी आलीच नाही. मुकादमाचा फोन बंद. गावी गेलो तर तिथं आणखी तीन ट्रॅक्टरवाले रडत बसलेले, एकाच टोळीवर चौघांचे पैसे. पोलीस म्हणतात दिवाणी मामला आहे. कारखान्यानं उचलीचे पैसे माझ्या बिलातनं कापून घेतले. बायकोचं गंठण गेलं राव. आमच्यावर काढा की एक बारा लक्षणांची यादी!

गेवराईकर
गंठण गेलं, वाईट झालं. आता आमचं ऐका.

माझे आईबाप कोयता. दोघं मिळून एक कोयता, हे शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. पहाटे फडात, रात्री कोपीवर, म्हणजे झोपडीवर, मध्ये गाडी भरायला कधीही उठवणार. आई तापानं पडली तर खाडा. काम तर बुडालंच, वर दंड, तो उचलीत चढणार. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी ‘फिटली नाही’ म्हणून पुढच्या साली परत त्याच मुकादमाकडं. एका साली चुलत्याची टोळी अर्ध्यात निघाली तर गाडीमालकानं चुलतभावाला शेतातल्या खोलीत ठेवून घेतलं, पैसे आणा आणि पोरगं न्या. तो तेव्हा नववीत होता. याला काय म्हणायचं वाळवा साहेब, दिवाणी मामला?

वाळवा_एक्सप्रेस
पोरगं कोंडणाऱ्याचं समर्थन मी करत नाही. पण त्यानं दिलेली उचल बुडाली होती हे तुम्ही एका शब्दानं बोलला नाही. आणि गाडीमालक तेवढा दिसतो सगळ्यांना. पैसे घेऊन पळणारा मुकादम तुमच्याच गावचा असतो, त्याची चारचाकी कुठून आली ते पण लिहा.

गेवराईकर
लिहितो की. मुकादम आम्हाला वरच्यावर लुटतो. तुमच्याकडून घेतलेल्या उचलीतली आमच्या हातात पडते किती, विचारलंय कधी? हिशोबाची वही त्याच्याकडं, अंगठा आमचा.

पणजीकर
अवांतर होतंय, पण मूळ पोस्टमधल्या ‘एका फटक्यात’बद्दल कुणीच बोलत नाही. आमच्या गोव्यात झालंय ते. २००४ च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्यात, वास्कोजवळच्या बायण्याची वस्ती बुलडोझर लावून पाडली. पुनर्वसनाचं काय झालं ते तिथल्या बायकांना विचारा. धंदा थांबला नाही, लॉजमध्ये आणि मसाज पार्लरमध्ये पांगला. पूर्वी वस्तीत आरोग्यसेवक जात, नवीन मुलगी आली तर कानावर यायचं. आता कोण कुठे आहे हेच समजत नाही.

मुक्ता_पुणे
पणजीकर, वस्त्या तशाच ठेवायच्या का मग? कामाठीपुऱ्यात फेब्रुवारी १९९६ मध्ये चारशेहून जास्त मुली काढल्या, त्यात कितीतरी नेपाळी, अल्पवयीन. त्या तिथेच राहायला हव्या होत्या?

काळा_कोट
अल्पवयीन मुलींना काढण्याबद्दल दुमत कुणाचंच नाही. पण त्या नेपाळी मुलींना त्यांचं सरकार परत घेईना, महिनोन् महिने त्या सुधारगृहांत कोंडलेल्या, शेवटी काठमांडूच्या संस्थांनी नेल्या. छापा एका रात्रीचा असतो, पुढचं बघायचं कुणी? आणि सज्ञान बाईचं काय? सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तीन सज्ञान महिलांना सुधारगृहातून सोडायचा आदेश दिला. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यात देहविक्रय हा स्वतःमध्ये गुन्हा नाही, त्यांना इच्छेविरुद्ध डांबता येत नाही, असं स्पष्ट म्हटलं.

वाळवा, तुमच्यासाठीही एक. वेठबिगार कायद्याचं कलम १५ वाचा. मजुरानं ‘हे बंधनातलं कर्ज आहे’ म्हटलं की ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी धनकोवर. तुमची नोटरी तिथं फार कामाला येणार नाही. गंमत म्हणजे तस्करीच्या व्याख्येत नव्या भारतीय न्याय संहितेनं भीक मागायला लावणं घातलं, सक्तीची मजुरी मात्र नावानं घातलीच नाही. त्यामुळे फडावरच्या तक्रारीला पोलीस ‘आमच्यात बसत नाही’ म्हणतो आणि तहसीलदार ‘पोलिसांत जा’ म्हणतो.

वाळवा_एक्सप्रेस
वा वकीलसाहेब. म्हणजे पैसे माझे, बुडाले माझे आणि सिद्ध पण मीच करायचं. कायदा करणाऱ्याकडं ट्रॅक्टर नसणार.

तळटीप
मुक्ताताई, चहावाल्याचा मुद्दा मान्य. स्टेशनवर लावा फलक. पण त्यावर ‘संशयित कसा ओळखावा’ नको, ‘कुणी अडकवून ठेवलंय का? ११२ वर फोन करा, मुलांसाठी १०९८’ असं असू द्या, म्हणजे अडकलेल्यालाही वाचता येईल.

मुक्ता_पुणे
धन्य झाले. फलक तुमच्या सल्ल्यानुसार रंगवते. दक्षता समितीत एक अशासकीय जागा रिकामी असेलच, तुम्ही अर्ज करा, मग बघू उत्साह किती टिकतो.

आणि हो, इगतपुरीचं मला पुरतं माहीत नव्हतं. मेंढीवर मूल... असो.

गेवराईकर
वाळवा साहेब, तुमच्या त्या मुकादमाचं गाव व्यनि (खाजगी निरोप) करा. आमच्या भागातला असला तर तुमच्याबरोबर ठाण्यात येतो, खरंच. पण मग चुलत्याच्या टोळीच्या खाड्याचा हिशोब मागायला कारखान्यावर तुम्ही आमच्याबरोबर यायचं.

वाळवा_एक्सप्रेस
गाव पाठवतो. कारखान्यावर यायचं म्हणजे माझी गाडी पुढच्या साली नंबरला लागणार नाही, हे तुम्हाला पण माहीत आहे.

हंगाम संपू द्या. बघू.