कासाई झालेल्यांना मोठेपणी पित्तनलिकेचा कॅन्सर: नेमकं काय विचारायचं?

जुनं_यकृत
जन्मतः बायलरी अट्रेसिया, म्हणजे यकृताबाहेरच्या पित्तनळ्या बंद. दोन महिन्यांची व्हायच्या आत कासाई (त्या नळ्या काढून आतडं थेट यकृताला जोडायचं ऑपरेशन) झाली आणि अजून स्वतःच्याच यकृतावर आहे. आता वय २९. प्लीहा मोठी, प्लेटलेट कमी, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबर बँड लावून झालेत. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, कित्येक वर्षं नॉर्मल, म्हणून घरच्यांच्या लेखी मी कधीच बरी झालेय.

परवाच्या सोनोग्राफीत यकृताच्या मुखाशी, म्हणजे जिथे आतडं जोडलंय त्याच्या अगदी जवळ, एक गाठ दिसली. रिपोर्टात एवढंच: 'एमआरआय करावा.' मग वाचत बसले. लहानपणी पित्तनलिकेचं ऑपरेशन झालेल्यांना पुढे तिथेच कॅन्सर होतो, असं जागोजागी लिहिलंय. पण माझ्या बाहेरच्या नळ्या तर काढूनच टाकल्यात! जी नळी नाही तिचा कॅन्सर कसा व्हायचा? नवे डॉक्टर मोठ्यांचे आहेत. पहिल्या भेटीत जोडलेल्या आतड्याचं चित्र मीच त्यांना कागदावर काढून दाखवलं. नुसता धीर नकोय, काय विचारू ते सांगा.

रात्रपाळी
यकृतविकार विभागात डॉक्टर आहे. तुमची चित्रं पाहिल्याशिवाय गाठ कसली ते सांगणार नाही.

तुम्ही वाचलंत ते बरंचसं कोलेडोकल सिस्टबद्दलचं असावं. तो वेगळा आजार. त्यात पित्तनलिका फुगून पिशवी होते, आणि बऱ्याचदा स्वादुपिंडाची नळी तिला आतड्याच्या भिंतीबाहेरच येऊन मिळते. मग स्वादुपिंडाचा रस उलटा वर चढतो आणि नळीचं अस्तर वर्षानुवर्षं दुखावत राहतो. पूर्वी पिशवी तशीच ठेवून नुसती आतड्याला जोडायचे. त्या रुग्णांत पुढे इतके कॅन्सर निघाले की ती पद्धत सोडावी लागली. आता पिशवी काढतात. तरी स्वादुपिंडात राहिलेला तुकडा आणि यकृताच्या आतल्या नळ्या यांच्यावर आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं.

कासाईत बाहेरच्या नळ्या जातात, आतल्या बारीक नळ्या राहतात. तुमचं पित्त त्यांतूनच आतड्यात उतरतंय. सिरॉसिस, साचणारं पित्त, पुन्हा पुन्हा होणारा कोलँजायटिस (पित्तनळ्यांचा संसर्ग) यांमुळे त्या नळ्यांत कॅन्सर होऊ शकतो. पण फार क्वचित. एकेकट्या रुग्णांच्या हकिगती म्हणूनच तो छापून येतो. यकृतपेशींचा कॅन्सर त्याहून जास्त आढळतो, तोही थोड्यांनाच. बिलिरुबिन नॉर्मल असलं तरी सिरॉसिस असू शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि अल्फा फीटोप्रोटीन (यकृतपेशींच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) चुकवायचं नाही.

आता गाठ. कासाईनंतर मुखाजवळच्या भागातून पित्त त्यातल्या त्यात बरं वाहतं, म्हणून तो भाग वाढतो आणि कडेचा आक्रसतो. निरुपद्रवी मोठ्या गाठी नेमक्या तिथेच होतात. कॅन्सर की वाढलेलं यकृत, हे बघायला कॉन्ट्रास्टचा एमआरआय. त्याच बैठकीत एमआरसीपीही, म्हणजे पित्तनळ्यांची एमआरआयवरची चित्रं, मागा. सीए १९-९ (पित्तनलिकेच्या कॅन्सरसाठी रक्तात बघतात ते) वाढलं म्हणून लगेच घाबरू नका. पित्त अडलं किंवा संसर्ग झाला तरी ते वाढतं. काहींच्या शरीरात ते तयारच होत नाही, तेव्हा नॉर्मल आलं म्हणून निर्धास्तही होऊ नका.

लेकीची_आई
माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून तू म्हणते. तिलाही मुखाशीच गाठ होती. एमआरआयवर साधीच वाटली, आणि पुढे वेगळ्याच कारणाने ट्रान्सप्लांट झालं तेव्हा काढलेल्या यकृताच्या तपासणीतही तसंच निघालं. तुझं तसंच असेल असं म्हणत नाही हं.

एक सांगते. ऑपरेशनचा मूळ कागद शोध. आमच्याकडे एकांनी ईआरसीपी, म्हणजे दुर्बिणीतून पित्तनळीची तपासणी, लिहून दिली होती. तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण लहान आतड्याच्या तोंडाशी जाते, आणि या मुलांचं पित्त तिथे येतच नाही! तो कागद दाखवला तेव्हा ते टळलं.

पिशवीवाला
मी सिस्टवाला. पिशवी सातव्या वर्षी काढली, पण अठरा झाल्यावर मुलांच्या विभागाने सोडलं आणि मोठ्यांच्या विभागाने बोलावलंच नाही. मला वाटायचं, काढली म्हणजे संपलं. सध्या दरवर्षी तपासणी, स्वतःहून. खाज, गडद लघवी, मातकट पांढरी शी, कारण नसताना वजन उतरणं, यांतलं काही असेल तर तारखेची वाट बघू नका.

जुनं_यकृत
खाज तर मला जन्माचीच आहे, तिच्यावरून काय ओळखणार! बाकी काही नाही. एमआरआय पुढच्या आठवड्यात. मूळ कागद मिळाला, पार पिवळा पडलाय पण वाचता येतो. आणखी काय नेऊ?

रात्रपाळी
नेहमीपेक्षा खाज वाढली तर ती लक्षणांत धरा. थंडी वाजून ताप आला तर मात्र एमआरआयची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा, कासाईवाल्यांत तो कोलँजायटिस नाही हे आधी पाहावं लागतं. जुन्या स्कॅनच्या सीडी न्या, नुसते रिपोर्टचे कागद नकोत. रेडिओलॉजिस्टला सांगा, आतडं वर जोडलेलं आहे आणि गाठ आधीच्या चित्रांशी ताडून पाहायची आहे. पाच वर्षांपूर्वीही ती तिथेच आणि तेवढीच असेल, तर पुढचं बोलणं बरंच सोपं होईल.