स्वयंपाकघराची फरशी बदलताना: आपले अनुभव लिहावेत

आमच्या स्वयंपाकघराची जुनी फरशी पुढील महिन्यात उखडायची आहे. दुकानांतील नमुने पाहून झाले आणि विक्रेत्यांचे कौतुकही ऐकून झाले. परंतु ज्या फरशीवर रोज काही सांडते, जी पुसली जाते आणि तुडवली जाते, तिच्याविषयी ती वापरणारेच खरे सांगू शकतात. आपण काय बसवले आणि आज तेच पुन्हा बसवाल का, हे कृपया लिहावे. फसलेले निर्णय अधिक सविस्तर आले, तर उपकार होतील.

*

संगमरवराचा हट्ट माझा होता, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. अर्धे लिंबू ओट्यावरून पडून रात्रभर जमिनीवर उपडे राहिले आणि सकाळी तेथे वाटीच्या तळाएवढे निस्तेज वर्तुळ उमटले. डाग समजून मी ते आठवडाभर घासत राहिले. अखेर पॉलिश करणाऱ्याने सांगितले की हा डाग नव्हे, येथे दगडच खाल्ला गेला आहे. संगमरवर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर यांतील आम्लाने त्याची झिलई जाते, आणि वरून लावलेला सीलर तेल मुरू देत नसला, तरी आम्लापुढे त्याचे काही चालत नाही. आता वर्तुळे मोजणे सोडून दिले आहे.

*

आमच्याकडे चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल आहे. ती ०.५ टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे डागांची चिंता नाही. चिंता आहे ती पायांची. सिंकपुढे सांडलेले पाणी त्या चकाकीत दिसतच नाही, आणि आई तेथेच घसरली. हाड मोडले नाही, एवढेच नशीब. टाइलच्या घसरणरोधकतेला आर ९ ते आर १३ अशा श्रेणी असतात आणि त्यांत आर ९ सर्वांत खालची, हे मला त्यानंतर कळले. नमुना घरी आणून त्यावर पाणी आणि दोन थेंब तेल टाकावे, हाताने आधार धरून अनवाणी पाय ठेवून पाहावा आणि मगच रंगाचा विचार करावा.

*

लॅमिनेट घेऊ नये. त्याचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा असतो. सिंकखालचा पाइप दोन दिवस ठिबकला आणि पट्ट्यांच्या कडा फुगून वर आल्या, त्या पुन्हा बसल्या नाहीत.

*

टाइलची चर्चा पुष्कळ होते, परंतु माझी टाइल उत्तम निघाली आणि फरशी तरीही बिघडली. शेगडीसमोरचे सिमेंटचे ग्राउट, म्हणजे टाइलमधल्या सांध्यांतील भरण, तेल पिऊन काळे पडले, तेव्हा तेवढे सांधे खरवडून इपॉक्सी, म्हणजे रेझिनचे ग्राउट, भरून घेतले. ते महाग पडते आणि बसवणाऱ्याला घाई करावी लागते, कारण वाळलेले इपॉक्सी टाइलवरून निघता निघत नाही. दुसरा दोष अधिक खोल होता. गवंड्याने टाइलखाली सर्वत्र चिकटद्रव्य न पसरता मध्ये गोळे ठेवले होते, त्यामुळे कोपरे पोकळ राहिले आणि कुकरचे झाकण पडताच एक कोपरा तुटला. काम चालू असताना एखादी ताजी बसवलेली टाइल उचलायला लावून तिची पाठ पाहावी; आणि पूर्ण वाळल्यावर लाकडी दांड्याने प्रत्येक कोपरा ठोकून ऐकावा.

*

वरील अनुभवाला जोडून लिहितो. जुन्या फरशीवरच नवी बसवल्याने आमची तोडफोड वाचली, मात्र पातळी सुमारे दीड सेंटिमीटर वर आली. दाराची खालची कड कापून घेता आली. ओट्याखालचे भांडी धुण्याचे यंत्र मात्र नव्या टाइलच्या कडेमागे अडकले आणि दुरुस्तीसाठी ते बाहेर काढताना पुढची एक रांग फोडावी लागली. एकाच बॅचच्या सहा टाइल शिल्लक ठेवल्या होत्या, म्हणून रंगाची छटा जुळली.

*

सर्वांचे आभार. काल तीन नमुने घरी आणून त्यांच्यावर लिंबाच्या फोडी ठेवल्या आणि रात्री पाणीही ओतले. सर्वांत देखणा नमुना आज दुकानात परत गेला.